जीन्सवरचा 32 आणि आपली कंबर

बेळगावच्या खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत एखाद्या छोट्या दुकानात जीन्स घ्यायला थांबलात आणि तिथे ट्रायल रूम नसली, तर दुकानदार एक युक्ती हमखास करतो. जीन्सचं बटण लावतो, बेल्टपट्टी दोन्ही टोकांना धरून ताणतो आणि तुमच्या गळ्याभोवती फिरवतो. टोकं मानेमागे एकमेकांना टेकली की म्हणतो, "बरोबर बसतंय बघा अण्णा, घालून बघायची गरजच नाही." दुसरा एखादा तीच पट्टी दुमडून तुमच्या कोपरापासून मुठीपर्यंत लावून बघतो. गिऱ्हाईक मान डोलावतं, पैसे देतं, आणि घरी गेल्यावर बटण काही लागत नाही.

युक्ती अगदीच खोटी नाही. बटण लावून सपाट धरलेली पट्टी म्हणजे कंबरेच्या घेराचं निम्मं माप, आणि सडपातळ तरुण माणसाचा गळा साधारण त्याच्या कंबरेच्या निम्मा भरतो. कॉलर 15, कंबर 30, झालं काम. पण चाळिशीत पोट सुटलं की कंबर 30 ची 36 होते आणि कॉलर 15 ची जेमतेम 16. गळ्याच्या हिशेबाने त्या माणसाच्या हातात 32 ची जीन्स पडते. बायकांच्या बाबतीत तर हा हिशेब उपयोगाचाच नाही, कारण त्यांची जीन्स अडते ती कंबरेला कमी आणि सीटला, म्हणजे नितंबांना, जास्त. सीट किती रुंद आहे ते गळ्यावरून कसं कळणार?

म्हणून टेप. ती कुठे धरायची आणि आलेल्या आकड्याचं काय करायचं, एवढं नीट समजलं की दुकानात "साइज एष्टु री?" (साइज किती हो?) असं कन्नडमध्ये विचारल्यावर ठामपणे सांगता येतं. पण त्याआधी लेबलवरच्या आकड्याची भानगड समजून घेऊ.

32 म्हणजे 32 इंच का नाही?

तुम्हाला नीट बसणारी, लेबलवर 32 लिहिलेली एखादी जीन्स घरात असेल तर तिच्या बेल्टपट्टीला टेप लावून बघा. 33 निघेल, 34 निघेल, एखाद्या जीन्सची 35 सुद्धा निघेल. बरोब्बर 32 क्वचितच. यामागे दोन कारणं आहेत आणि ती दोन्ही एकमेकांत मिसळलेली आहेत.

पहिलं कारण जुनं आहे. 1873 साली अमेरिकेत, नेवाडातल्या रीनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस या दोघांनी मिळून एक पेटंट घेतलं: पँटच्या खिशांचे कोपरे उसवू नयेत म्हणून तिथे तांब्याचे रिबिट मारायचे. ही मजुरांची पँट. ती बेंबीजवळ, खऱ्या कंबरेवर बसायची आणि गॅलिसांनी, म्हणजे पट्ट्यांनी, खांद्यावरून तोललेली असायची. लेव्हीच्या जीन्सला बेल्ट अडकवायच्या पट्ट्या 1922 साली आल्या आणि गॅलिसाची बटणं 1937 साली गेली. तोवर कंबरेचा आकडा आणि पँट बसायची जागा एकच होती. पुढे बेल्टचा जमाना आला आणि पँट खाली सरकू लागली. 2000 च्या आसपास लो-वेस्टची फॅशन आली तेव्हा ती बेंबीखाली चार बोटं, कधी त्याहूनही खाली गेली. लेबलवरच्या आकड्याला मात्र अजून कंबरच म्हणतात. बेंबीच्या खाली, कंबरेच्या हाडांपाशी, बऱ्याच जणांचा घेर वाढतो. त्यामुळे 32 कंबरेच्या माणसासाठी तिथे बसणारी पट्टी 34 ची करावीच लागते. यात फसवाफसवी काही नाही.

दुसरं कारण मात्र गिऱ्हाइकाच्या खुशामतीचं आहे. 34 घालणाऱ्याला 32 मध्ये शिरता आलं की तो खूश होतो आणि तीच जीन्स घेतो. हे कंपन्यांना केव्हाच कळलंय. म्हणून पट्टी मोठी करायची आणि आकडा जुनाच ठेवायचा. याला कपड्यांच्या धंद्यात व्हॅनिटी सायझिंग म्हणतात. प्रत्येक कंपनी ही वाढ आपल्या मर्जीने करते, म्हणून एकीचा 32 म्हणजे दुसरीचा 34. लेबलवर 32 लिहिलं तर पट्टी 32 च इंच भरली पाहिजे, असं बंधन कुणावर नाही.

बायकांच्या मापांचा गोंधळ तर याहून मोठा. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1939-40 मध्ये सुमारे 15,000 बायकांची मापं घेतली. एकेकीची 50 हून जास्त मापं. त्यातून 1958 साली तिथे सरकारी प्रमाण ठरलं, आणि 1983 साली ते मागेही घेतलं गेलं, कारण बायकांची शरीरं त्या चौकटीत बसत नव्हती आणि कंपन्याही ते पाळत नव्हत्या. मापं घेताना गोऱ्या नसलेल्या बायकांचे आकडे बाजूला ठेवले होते, हेही इथे सांगायला हवं. आपल्याकडच्या कंपन्या बरीच वर्षं अशा परदेशी तक्त्यांतच थोडा फेरफार करून कपडे शिवत आल्या. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्ट या फॅशनच्या सरकारी संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर इंडियासाइज हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत, 15 ते 65 वयाच्या 25,000 लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, असा त्याचा आराखडा. पण निपाणीच्या किंवा खानापूरच्या दुकानात आज जी जीन्स टांगलेली आहे, तिच्या लेबलवर भरवसा ठेवण्याइतकी एकवाक्यता अजून कुठेच नाही.

टेप कुठे धरायची

शिंप्याची कापडी किंवा प्लॅस्टिकची टेप घ्या. सुताराची पत्र्याची टेप अंगाभोवती नीट वळत नाही. घरातली टेप जुनी असेल तर ती ताणली गेली आहे का, हे मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीशी ताडून बघा: 30 सेंटिमीटरला पावणेबारा इंचांहून जरासं जास्त यायला हवं. टेपच नसेल तर सुतळी चालते. गुंडाळा, खूण करा आणि पट्टीवर मोजा. माप अंतर्वस्त्रांवर किंवा पातळ कपड्यावर घ्यायचं. आणि शक्यतो दुसऱ्याला घ्यायला सांगा, कारण स्वतः वाकून बघितलं की पोट आत जातं आणि आकडा बदलतो.

कंबर एक नसते, दोन असतात, असं धरून चाला. वरची कंबर म्हणजे सरळ उभं राहून एका बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते ती जागा, बेंबीच्या जवळपास. खालची कंबर म्हणजे जिथे तुम्ही रोज पँट बांधता ती जागा. दोन्हीकडे टेप लावा. श्वास सहज सोडलेला असू दे, टेप मागून-पुढून एका पातळीत असू दे (आरसा असेल तर बघून घ्या), आणि टेपच्या आत एक बोट सरकेल इतपत सैल धरा. पोट आत ओढून घेतलेलं माप कामाचं नाही. लग्नाच्या पंगतीत जेवून उठताना पोट कोण ओढून धरणार? सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवल्यावर आकड्यात फरक पडतो, म्हणून दुपारनंतरचं माप बरं.

या दोन कंबरांतला फरक पुरुषांमध्ये आणि बायकांमध्ये उलटसुलट असतो. पोट सुटलेल्या पुरुषाचा बेंबीवरचा घेर 39 आणि पोटाखालचा 35 असू शकतो. तो पँट पोटाखाली बांधतो, 34 ची घेतो आणि "माझी कंबर वीस वर्षं 34 च आहे" असं अभिमानाने सांगतो. खोटं नाही बोलत बिचारा. पट्टी तेवढी खाली खाली गेली. बायकांचं उलट: बेंबीवर 30, चार बोटं खाली 33. म्हणून हाय-वेस्ट जीन्स घेणाऱ्या मुलीने वरचं माप धरायचं, लो किंवा मिड-वेस्ट घेणारीने खालचं. तीच मुलगी, दोन प्रकारच्या जीन्स, आणि दोन्हींची साइज वेगळी येऊ शकते. वजन वाढलं की काय म्हणून घाबरायचं कारण नाही.

सीट मोजताना पाय जुळवून उभं राहायचं आणि टेप नितंबांच्या सगळ्यात रुंद भागावरून न्यायची. हा भाग वाटतो त्याहून बराच खाली असतो, वरच्या कंबरेपासून सात ते नऊ इंच. पुष्कळ जण हाडांवरच माप घेतात आणि दोन इंच कमी भरतात. मांडीचं माप अगदी वर, जांघेच्या लगेच खाली, मांडी जिथे सगळ्यात जाड असते तिथे. कबड्डी खेळणाऱ्या, तालमीत जाणाऱ्या किंवा रोज सायकल मारणाऱ्या पोरांनी हे माप टाळू नये. त्यांची कंबर 30 आणि मांडी 24 असते, आणि स्लिम फिटच्या नावाखाली मिळणारी 30 ची जीन्स त्यांच्या गुडघ्यावर येते ती मांडीवर चढतच नाही.

लांबीसाठी आतल्या शिवणीचं माप लागतं, म्हणजे जांघेपासून घोट्यापर्यंतचं. हे स्वतःचं स्वतःला घेता येत नाही असं वाटतं, पण येतं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जाड पुठ्ठ्याचं एखादं पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरा, पुस्तकाची एक कड भिंतीला पूर्ण टेकवून ते जांघेपर्यंत वर न्या आणि वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलची खूण करा. फरशीपासून खुणेपर्यंत मोजा. यातून जीन्स जमिनीपासून जितकी वर हवी तेवढं वजा करायचं. बॉटम, म्हणजे पायाचं खालचं तोंड, अरुंद असेल तर लांबी थोडी कमी, कारण अरुंद बॉटम बुटावर अडून वर चुण्या पडतात. रुंद बॉटमची जीन्स टाचेवरून उतरते, म्हणून थोडी जास्त. आपल्याकडे जून ते सप्टेंबर टाचेजवळ लोळणारी जीन्स म्हणजे गुडघ्यापर्यंत चिखलपाणी शोषणारी वात, तेव्हा इथल्या माणसाने परदेशी फोटोतल्या लांबीच्या नादी लागू नये.

जुन्या जीन्सचं माप

अंगाचं माप घेतलं तरी एक प्रश्न उरतोच: अंगापेक्षा कपडा किती सैल हवा? हे ज्याच्या त्याच्या आवडीवर आहे, टेपला ते कळत नाही. त्यामुळे माझ्या मते सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जी जीन्स तुम्हाला आवडते, जी घालून तुम्ही दिवसभर विसरून जाता, तिचीच मापं घेणं.

ती धुतलेली असू दे. फरशीवर पसरा, गादीवर कापड खचतं. बटण लावा, चेन लावा. आता एक बारकावा: जीन्सची बेल्टपट्टी पुढून खाली आणि मागून वर असते. ती तशीच ठेवून मागच्या काठावर मोजलं तर एक आकडा येतो, पुढच्या काठावर मोजलं तर दुसरा. म्हणून पुढची पट्टी वर ओढून मागच्या पट्टीशी जुळवा, हाताने सुरकुत्या काढा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ मोजा. कापड ताणू नका. समजा सव्वासतरा आले. दुप्पट साडेचौतीस. लेबलवर 32 लिहिलंय. म्हणजे त्या कंपनीचा 32 तुमच्यासाठी साडेचौतीस आहे.

मग चेनच्या खाली, जिथे चारही शिवणी एकत्र येतात, तो चौक शोधा. तिथून पुढच्या पट्टीच्या वरच्या काठापर्यंतचं अंतर म्हणजे फ्रंट राइज. समजा 10 इंच. त्याच चौकातून मागच्या पट्टीपर्यंतचं बॅक राइज, ते साडेचौदा. ही दोन मापं आपल्याकडे फार कुणी विचारत नाही, आणि जीन्स अंगावर चुकते ती बहुधा इथेच. फ्रंट राइजवरून जीन्स पोटावर कुठे बसणार ते ठरतं. बायकांच्या जीन्समध्ये ढोबळमानाने 8 किंवा त्याखाली म्हणजे लो, 9-10 म्हणजे मिड, 11 च्या पुढे हाय. पुरुषांचे आकडे थोडे चढे. बॅक राइज कमी असेल तर उभं असताना काही कळत नाही. टिळकवाडीच्या गेटवर गाडीवर बसून रेल्वे जायची वाट बघत असताना मात्र मागे वारा लागतो आणि सारखा शर्ट खाली ओढत बसावं लागतं.

सीटचं माप चौकाच्या तीनएक इंच वर, आडवं: साडेवीस, दुप्पट 41. मांडीचं माप चौकाच्या एक इंच खाली, आडवं: 12, दुप्पट 24. बॉटम साडेसात, दुप्पट 15. आतली शिवण चौकापासून खालपर्यंत 30. ही मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. घरातल्या सगळ्यांची लिहून ठेवली तर आणखी बरं. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेला पोरगा दिवाळीला जीन्स घेऊन येतो आणि ती वडिलांच्या गुडघ्याच्या वर चढत नाही, हा प्रकार टळेल.

अंगाचं आणि कपड्याचं माप ताडायचंच असेल तर हा अंदाज धरा. न ताणणाऱ्या जाड जीन्सला सीटमध्ये अंगापेक्षा एक ते दोन इंच आणि मांडीत दीड-दोन इंच जास्तीचे लागतात. ताणणाऱ्या जीन्सला सीट अंगाइतकी किंवा इंचभर कमी असली तरी चालते.

कापडाचा खेळ

ताणणारं की न ताणणारं, हे आतल्या लेबलवर लिहिलेलं असतं. 100 टक्के कॉटन म्हणजे ताण नाही. 98 टक्के कॉटन, 2 टक्के इलास्टेन म्हणजे ताण आहे. इलास्टेन किंवा स्पँडेक्स हा धागा 1958 साली ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने बनवला. एवढासा दोन टक्के धागा, पण तो असला की जीन्स घालून मांडी घालून जेवायला बसता येतं. अशी जीन्स घेताना अंगाला बेताची घट्ट घ्या, कारण चार-पाच वेळा घातली की ती थोडी सैलावते. कडक उन्हात तासन्‌तास वाळत घालणं आणि कडक इस्त्री या दोन्हींनी हा धागा लवकर मरतो, मग गुडघ्यावर फुगे येतात.

शुद्ध कॉटनची जीन्स धुतल्यावर आटते, आणि ती रुंदीपेक्षा लांबीला जास्त आटते. कारण मागावरच आहे, आणि ते शहापूर-वडगावच्या विणकराला समजावून सांगावं लागणार नाही. जीन्सच्या कापडात ताणा (उभा धागा) निळा आणि बाणा (आडवा धागा) पांढरा असतो, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढरट. विणताना ताणा घट्ट ओढलेला असतो आणि पँटमध्ये तो उभा, कंबरेपासून घोट्याकडे जातो. पहिल्या पाण्यात तो ओढ सोडतो आणि पँट आखूड होते. 1930 च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट याने कापड शिवण्याआधीच यंत्रात आटवून घ्यायची पद्धत काढली; सॅनफोराइज्ड हा शब्द त्याच्याच नावावरून आला. तसं कापड नंतर एक ते तीन टक्के आटतं, म्हणजे 32 इंच लांबीला फार तर इंचभर. तसं न केलेलं कोरं डेनिम दहा टक्क्यांपर्यंत आटू शकतं. ते हौशी लोकांचं काम, आपल्या बाजारात सहसा दिसत नाही.

एकाच कंपनीच्या, एकाच साइजच्या काळ्या आणि निळ्या जीन्स वेगळ्या बसतात, हा भास नसतो. कारखान्यात कापडाच्या पुष्कळ घड्या एकावर एक रचून एकदम कापतात, आणि वरच्या-खालच्या थरांत थोडाफार फरक पडतो. पुढे धुलाई: कुठे दगडांबरोबर घोळवतात, कुठे एन्झाइम टाकतात, आणि प्रत्येक धुलाईत कापड वेगळं आटतं. आपल्याच कर्नाटकातलं बळ्ळारी जीन्सच्या शिलाईसाठी आणि धुलाईसाठी नावाजलेलं आहे, तिकडे मुंबईजवळ उल्हासनगर. अशा ठिकाणांहून ढिगाने येणारा बिनब्रँडचा माल घेताना लेबलकडे बघूच नका. खिशात टेप ठेवा, पट्टी मोजा, मांडी मोजा. दुकानदार सुरुवातीला हसतो, मग स्वतःच टेप मागतो.

दुकान, पार्सल आणि मास्तर

मोबाइलवरून मागवताना साइजचा तक्ता उघडतोच, पण तो कुणाचा हे बघितलं जात नाही. तक्ता अंगाच्या मापांचा असतो किंवा कपड्याच्या. ओळखायची खूण सोपी आहे. त्यात बॉटम, राइज अशी मापं असतील तर तो कपड्याचा. अंगाला बॉटम नसतो. अशा तक्त्याशी जुन्या जीन्सची मापं थेट ताडा. फक्त कंबर आणि सीट दिलेली असेल आणि 32 समोर कंबर 32 च लिहिली असेल, तर तो अंगाचा तक्ता धरा. किमतीच्या लेबलवर सेंटिमीटरमध्येही माप छापलेलं असतं. 76 म्हणजे 30, 81 म्हणजे 32, 86 म्हणजे 34. पण तोही बहुतेक वेळा लेबलच्या आकड्याला 2.54 ने गुणून काढलेला असतो, पट्टीला टेप लावून नाही. शहरात राहणाऱ्याला न बसलेलं पार्सल परत करणं अवघड जात नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला मात्र त्यासाठी एक दिवस घालवावा लागतो, तेव्हा मागवण्याआधीची पाच मिनिटं त्याने नक्की खर्च करावीत.

रस्त्यावरच्या एक्स्पोर्टच्या मालात बायकांच्या जीन्सवर 6, 8, 10 असे आकडे दिसतात. अमेरिकेचा 6 आणि इंग्लंडचा 10 साधारण एकच. हे पाठ करत बसण्यापेक्षा टेप लावलेली बरी.

आता शेवटचा आणि खर्चाचा मुद्दा: काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही. साध्या पँटीत शिंपी मास्तर शिवणीच्या आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडतात, म्हणून ती दोन इंच वाढवता येते. जीन्सच्या पायाची जी शिवण दुहेरी दुमडून दोन टाक्यांनी दाबलेली असते, तिच्यात सोडायला माया जवळपास नसतेच. म्हणजे मांडीत घट्ट झालेली जीन्स सैल होणार नाही. राइज तर कमी-जास्त करताच येत नाही. कॅम्पात वर्षानुवर्षं गणवेश शिवणारा मास्तरसुद्धा त्याला हात जोडेल. लांबी कमी करणं मात्र अगदी सोपं. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून इंच-दीड इंच आत घेता येते. त्यापुढे घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटू लागतात आणि ती दुरुस्ती लांबून ओळखू येते.

म्हणून ज्याची सीट आणि कंबर यांत मोठा फरक आहे (बऱ्याच बायकांचा असतो, तालमीतल्या पोरांचाही), त्याने सीट आणि मांडीला बसेल ती जीन्स घ्यावी आणि मागून उघडी राहणारी कंबर मास्तरकडून आत घेऊन आणावी. उलट केलं, म्हणजे कंबर बघून घेतली आणि मांडीत अडली, तर ती कपाटातच राहते. दुकानात घालून बघितली तर उभं राहून आरशात बघण्यावर थांबू नका. उकिडवं बसा, स्टुलावर बसा, गाडीवर टांग मारल्यासारखा पाय उचला. बसल्यावर मागून पट्टी सुटते का, पुढून पोटात रुतते का, हे तिथेच कळतं. ट्रायल रूमबाहेर कुणी बघत असेल तर बघू द्या.

लांबी कापायची घाई करू नका. नवी जीन्स आणली की आधी एकदा धुवा, नीट वाळू द्या, मग जे बूट-चपला रोज घालता त्याच घालून मास्तरकडे जा. जुन्या बॉटमची मूळ पट्टी तशीच काढून परत लावून द्या म्हणावं. काही मास्तर ते करून देतात, थोडे पैसे जास्त घेतात, पण खालची घासलेली निळसर कड टिकते. गणपतीच्या आधी घेतलेल्या जीन्सचा बॉटम गणपतीला हवा असेल तर हिशेब आणखी लवकर करायला हवा. आपल्याकडच्या श्रावणात जीन्स दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि मास्तरकडे तोवर अर्ध्या गल्लीचे कपडे येऊन पडलेले असतात.